अप्पांच्या झाडांना गॅस लागतो का?

जळालेल्या गोदामाच्या राखेत मला थोडा वेळ उभं करा. आग कुठून लागली, कशानं लागली आणि मुळात लागली की लावली, हे मी सांगतो. विमा कंपनीत दावे तपासण्याचं काम आहे माझं. समोरचा माणूस खुर्चीत कसा बसतो यावरून तो काय लपवतोय हे मला कळतं. ऑफिसात माझं नाव ‘एक्स-रे’ आहे. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण तेही मला कळतं.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला माझ्या बुद्धीबद्दल शंका येणार आहे. निदान ऑफिसातलं रेकॉर्ड तरी स्वच्छ आहे एवढं लक्षात असू द्या.

झालं असं, की माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. त्यांना आम्ही दोघंही अप्पा म्हणतो. अप्पा पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही कुणाकडे गेले की नळ उघडून आधी दाब बघतात आणि मग हात धुतात. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहायचे, आणि ‘आमच्याकडे या’ म्हणून माझी बायको त्यांच्या हात धुऊन मागे लागली होती. शेवटी आले. येताना एक बॅग आणली आणि एक तीन फुटी काचेची टाकी. बॅग लहान होती.

टाकीत मासे होते. अंगावर निळी रेघ असलेले दहाबारा चिमुकले, आणि तळाशी मिशांचा एक गंभीर गृहस्थ, ज्याला अप्पा ‘साहेब’ म्हणत. पण अप्पांच्या लेखी मासे म्हणजे भाडेकरू. घर झाडांचं. रुंद पानांची, गर्द हिरवी, पाण्याखाली संथ डुलणारी ती झाडं सासूबाईंनी लावलेली होती आणि अप्पांनी पोटच्या पोरांसारखी वाढवली होती. पोटची पोर हे ऐकून जरा नाक मुरडायची.

दिवाणखान्यातल्या एका बुटक्या कपाटावर टाकी बसवली. अप्पांनी पाणी भरलं, हात पुसले आणि लेकीला समोर बसवून अट सांगितली.

“मी राहायला आलोय असं लगेच धरून चालू नकोस. या झाडांनी इथं मूळ धरलं तर राहीन. नाही धरलं तर टाकी उचलायची आणि मी आपला माझ्या घरी.”

“अप्पा, झाडांचा आणि तुमचा काय संबंध?”

“इतकी वर्षं एका नळाचं पाणी प्यालोय आम्ही. त्यांना इथलं मानवलं तर मलाही मानवेल.”

“आणि नाही मानवलं तर?”

“तर नाही. आणि बाहेरून काही द्यायचं नाही. खत नाही, औषध नाही, गॅस तर नाहीच. सॅम्पलमध्ये भेसळ झाली की टेस्ट रद्द.” हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. घरात काहीही व्हायच्या आधी जावयाकडे बघून ठेवलेलं बरं, असा त्यांचा अनुभव असावा.

आता कुणाला वाटेल, सासरे परत जाण्याची शक्यता आहे म्हटल्यावर जावई मनातून सुखावला असेल. अजिबात नाही. मी सांगितलेली दाव्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐकणारा या घरात आजवर कुणी नव्हता. बायको मध्येच विचारते, “मग जळलं का ते गोदाम एकदाचं?” अप्पा विचारतात, “छपराची उंची किती होती?” अशा माणसाला कोण जाऊ देईल?

आणि झाडं तर आल्याआल्याच रुसली. आधी पानं काचेसारखी आरपार दिसायला लागली. मग त्यांना भोकं पडली. मग एकेक पान उकडलेल्या भाजीसारखं देठाशी लोंबायला लागलं. बायको कॉलेजातून आली की पर्सही न ठेवता टाकीपुढे उभी राहायची आणि गळून पडलेली पानं मोजल्यासारखं करायची.

मी अभ्यासाला बसलो. इंटरनेटवर या विषयावरून लोक घटस्फोट घेतल्यासारखे भांडत होते. निम्म्यांचं म्हणणं, पाण्यातल्या झाडांना कार्बन डायऑक्साइडचा गॅस वरून दिल्याशिवाय ती जगणं अशक्य. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, मंद उजेडातल्या, सावकाश वाढणाऱ्या झाडांना माशांच्या श्वासातला गॅसच पुष्कळ झाला. दोन्ही बाजूंनी आपापल्या टाक्यांचे फोटो लावले होते आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या आमच्यापेक्षा हिरव्या होत्या.

मी जेवताना विषय काढला. “अप्पा, सहज विचारतो. थोडा गॅस दिला तर?”

“माझ्या झाडांनी जन्मात गॅस घेतलेला नाही.”

“आणि उजेड एवढासा असताना गॅस देऊन काय उपयोग?” बायको म्हणाली. ती रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात कुठल्याही द्रव्यावर पहिला हक्क तिचा. “चूल पेटलेली नाही आणि तुम्ही लाकडं रचत बसलाय.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “मीही तेच म्हणत होतो.”

“म्हणजे नाही द्यायचा,” अप्पा म्हणाले.

“नाही द्यायचा,” बायको म्हणाली.

आमच्या घरात एकमतानं झालेला हा पहिला ठराव. खरं तर तिथेच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी माशांच्या दुकानात शिरलो. दुकानदार मोठा सहृदय माणूस. गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असेल तेच त्याचं मत.

“गॅस हवाच,” तो म्हणाला. “झाडं गुदमरतात हो त्याच्याशिवाय. सिलिंडर देऊ?”

“सिलिंडर नको. दिसणार नाही असं काही आहे का?”

“मग यीस्ट. बाटलीत साखर, कोमट पाणी आणि चिमूटभर यीस्ट. झाकणाला नळी. आपोआप गॅस होतो.” त्यानं नळीचं वेटोळं काढलं. “हल्ली सगळ्यांना हेच हवंय. परवा एक म्हातारे गृहस्थ नळी घेऊन गेले. काल एक बाई येऊन विचारून गेल्या, सोडा वॉटर घातलं तर चालेल का म्हणून.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“चालेल म्हटलं.”

शहरात झाडांची साथ आलेली दिसते, एवढाच निष्कर्ष मी काढला आणि नळीचे पैसे देऊन बाहेर पडलो.

बाटली मी टाकीखालच्या कपाटात, जुन्या मासिकांच्या मागे ठेवली. नळी दाराच्या फटीतून काढून टाकीच्या पाठीमागून वर नेली आणि टोक साहेबांच्या दगडाआड दडवलं. दार फक्त पूर्ण लावायचं नाही, नाहीतर नळी चिमटणार. रोज सकाळी अप्पा फिरायला जायचे आणि बायको आंघोळीला, तेवढ्यात मी बाटली हलवायचो, आणि थंडावली असेल तर नवं मिश्रण करायचो. बुडबुडे सुटायचे. झाडं ढिम्म. पण मला कृतकृत्य वाटायचं.

एवढंच, की यीस्टला वास असतो. आंबूस, गोडसर, जरा बदनाम वास. तो हाताला राहतो.

एका सकाळी अप्पा फिरून आले, माझ्याशेजारी पेपर घेऊन बसले आणि नाकानं दोनदा हवा ओढली. मग बराच वेळ पेपरचं एकच पान वाचलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “ऑफिसात ताण फार असतो का?”

“असतो थोडाफार.”

“माझ्या येण्यानं काही अडचण? मोकळेपणानं सांगा.”

“काहीतरीच काय अप्पा.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठून गेले. सख्खा बापही एवढी चौकशी करणार नाही, असं वाटून मी ऑफिसला जाताना पहिल्या सिग्नलपर्यंत हळवा होतो.

त्याच आठवड्यात बुटांच्या कपाटामागे माझा मोजा पडला. काढायला हात घातला तर सोड्याच्या रिकाम्या बाटल्या. एक नाही, दोन नाही, रांगच. माझ्यातला एक्स-रे जागा झाला. सोडा नुसता कुणी पीत नाही. मी पीत नाही. बायको तर खोकल्याच्या औषधाच्या लेबलवर अल्कोहोल वाचलं तरी बाटली परत करते. राहता राहिलं कोण?

मला विश्वास ठेवायचा नव्हता. पण दोनच दिवसांनी मी लवकर घरी आलो तर अप्पा टाकीजवळ उभे. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, एक हात भिंतीला. मला बघताच त्यांनी काहीतरी घाईघाईनं सदऱ्याच्या खिशात कोंबलं.

“अप्पा, बसा बसा.”

“मी ठीक आहे. जरा गरगरलं.” आणि बसायला म्हणून निघाले ते खुर्चीच्या शेजारी पोचले.

पुरावा संपूर्ण होता. पण लेकीला बापाबद्दल हे सांगणार कसं? मी गप्प राहिलो. एकाकी माणूस, बायको गेलेली, झाडं वाळताहेत. घेतली थोडी तर काय झालं, असं मी स्वतःला समजावलं आणि रात्री त्यांच्या पानात थोडं जास्त वाढायला लागलो, पोटात काहीतरी असावं म्हणून.

बायकोही गप्प गप्प असायची. साखरेचा डबा उघडायची, आत बघायची, माझ्याकडे बघायची. अप्पांना हात धरून खुर्चीत बसवायची आणि परत माझ्याकडे बघायची. भांडी घासण्याच्या आवाजात तिचं काहीतरी म्हणणं होतं, पण ते मला नीट लागत नव्हतं.

घरात आनंदी होते ते फक्त मासे. मी टाकीपाशी गेलो की सगळे वर यायचे आणि पाण्याबाहेर तोंडं काढून उघडझाप करायचे. मला ओळखायला लागलेत, असं मी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, मला बघून तर केव्हापासून करतात. आम्ही दोघं नसतानाही ते हेच करत असणार, पण ते बघायला आम्ही नसायचो.

मग रविवार उजाडला. चहा घेऊन दिवाणखान्यात आलो तर अप्पा बाहेर जायच्या कपड्यांत बसलेले. त्यांची बॅग टाकीखालच्या कपाटाच्या दाराला टेकवलेली. दार गच्च लागलेलं.

“मी निघतो म्हणतो,” अप्पा म्हणाले. “टाकी मागून पाठवा. बॅग कालच भरून ठेवली. तुमच्या कपाटाचं दार उघडं राहतं, तेही लावून घेतलं.”

म्हणजे आदल्या संध्याकाळपासून नळी चिमटलेली होती. आत साखर होती, यीस्ट होतं, आणि मी काल सकाळीच नवं मिश्रण केलेलं होतं.

“अप्पा, असं अचानक?” बायको म्हणाली. “झाडांना अजून वेळ द्या ना थोडा.”

“झाडांचं राहू दे. माझ्या पायगुणानं एखाद्याच्या घराचं काही वाईट व्हायला नको.” त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं, आणि त्यांनी बघणं टाळलं म्हणून तिनं पुरेपूर बघितलं. मी कपाटाकडे बघत होतो.

“तिकडे काय बघताय?” ती म्हणाली. “तिथेच ठेवता ना?”

“काय?”

“बाटली.”

इतके दिवस लपवून थकलो होतो. “हो,” मी म्हणालो. “तिथेच आहे. बॅग जरा बाजूला—”

“कधीपासून चाललंय हे?”

“अप्पा आले, त्यानंतर लगेचच.”

अप्पांनी डोळे मिटले. “बघ. मी म्हणत नव्हतो?”

“रोज?”

“रोज सकाळी. तू आंघोळीला गेलीस की.”

“सकाळी! म्हणून साखर संपते?”

“साखर लागतेच त्यात.”

“मुकाट्यानं सोसता आलं नाही का तुम्हाला? कधी नव्हे ते वडील आले माझे राहायला—”

“अगं, अप्पा राहावेत म्हणूनच तर करतोय मी.”

“आणि त्यांनाही देता? पडायला झाले होते ते त्या दिवशी!”

“त्यांना कशाला देऊ? झाडांना देतो.”

 एवढ्यात कपाटातून कुणीतरी दीर्घ श्वास घेतल्यासारखा आवाज आला, आणि मग धाडकन बाटलीचं झाकण उडालं. दार उघडलं, बॅग तोंडावर पडली, आणि जुन्या मासिकांवरून वाट काढत पांढरा फेस दिवाणखान्यात आला. मागोमाग तो वास.

बायकोनं वाकून बोट बुडवलं, हुंगलं. “यीस्ट,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही गॅस देत होतात?”

“हो.”

“पीत नव्हतात?”

“कोण, मी? मी कशाला पिऊ? प्यायचे ते—” मी अप्पांकडे वळलो. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “अप्पा, राग मानू नका. बुटांच्या कपाटामागचे सोडे मी बघितलेत.”

“कसले सोडे?”

बायको खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे.

“ते माझे,” ती म्हणाली. “कॉलेजातून आले की टाकीत ग्लासभर ओतायचे. सोड्यात गॅसच असतो ना.”

“आणि चूल? लाकडं?”

“ते जेवताना म्हटलं होतं.”

“सॅम्पलमध्ये भेसळ,” अप्पा गरजले. “दोघांनीही! टेस्ट रद्द!” आणि ताडकन उठले. उठताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची नळी वेटोळं सोडवत खाली पडली. माझ्या नळीसारखीच होती. त्याच दुकानातली.

आम्ही तिघांनी तिच्याकडे बघितलं.

“माणसाच्या श्वासात चार टक्के असतो,” अप्पा म्हणाले. “सकाळ-संध्याकाळ फुंकायचो थोडं.”

“गरगरेपर्यंत?” बायको म्हणाली.

“लांबी जास्त आहे ना टाकीची.”

“अप्पा, परीक्षा तुम्हीच ठेवली होती. परीक्षक तुम्हीच होतात.”

“विद्यार्थी नापास व्हायला लागला तर परीक्षकानं काय करावं?” ते टाकीकडे बघत म्हणाले. “दिला जरासा हात.”

बायको काहीतरी बोलणार होती. तोंडही उघडलं होतं तिनं. पण तिचंही लक्ष टाकीकडे गेलं, आणि टाकीत सगळ्यांचीच तोंडं उघडी होती.

“हे ओळख दाखवत नाहीयेत हो,” ती म्हणाली. “गुदमरताहेत. तिघांचा गॅस एकाच पाण्यात!”

साहेब एका कुशीवर पडले होते. एवढ्या गंभीर गृहस्थाला असं बघवेना. मी टाकीत हात घालून त्यांना वारा घालायचा विचार करत होतो, तेवढ्यात माझ्या मागे एक आवाज आला. तो माझ्या सासऱ्यांचा नव्हता, अख्ख्या पाणीपुरवठा खात्याचा होता.

“चाळणी आण. मोठी. जावईबापू, स्टुलावर चढा. मगानं पाणी काढायचं आणि वरून चाळणीतून सोडायचं. जितकी धार बारीक तितका गॅस उडतो. प्लँटवर आम्ही पायऱ्यापायऱ्यांवरून पाणी पाडायचो ते काय शोभेला? खिडक्या उघड गं सगळ्या.”

मी स्टुलावर. बायकोच्या हातात चाळणी. पायाखाली यीस्टचा फेस. अप्पा बाहेर जायच्या कपड्यांत, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातवारे करत उभे.

“उंच धरा. अजून उंच. तुम्ही विमावाले, उंचीला घाबरता.”

“अप्पा, छताला डोकं लागतंय.”

“मग वाका. धार नका वाकवू.”

सारा दिवाणखाना भिजला. शेजारच्या वहिनी दारात येऊन बघून गेल्या, काही न विचारता. हळूहळू निळ्या रेघांचे मासे एकेक करून खाली गेले. साहेब सगळ्यांत शेवटी सरळ झाले, मिशा हलवल्या आणि कुणाकडे न बघता दगडाआड निघून गेले.

तिघंही ओले होऊन खुर्च्यांवर बसलो. आडवी पडलेली बॅग कुणीच उचलली नाही. टाकीत एकही पान शिल्लक नव्हतं. वाळूतून फक्त बोटभर खुंट वर आलेले.

“मग?” बायको शेवटी म्हणाली. ती पदराचं टोक पिळत होती आणि त्यातून पाणी निघत नव्हतं. “काय निकाल?”

अप्पा उठले. बाही वर केली, पाण्यात हात घातला आणि एक खुंट चिमटीत धरून ओढला. मी बाजूलाच होतो. खुंट हलला नाही. त्यांनी जरा जोर लावला. आजूबाजूची वाळू उचलली गेली, पण खुंट हलला नाही. मूळ असं घट्ट बसलं होतं, की त्याला ना गॅसची गरज होती, ना सोड्याची, ना कुणाच्या फुंकरीची. आम्ही थोडा दम धरला असता तर नवी पानं आपणहून आली असती.

अप्पांनी हळूच वाळू सारखी केली आणि हात बाहेर काढला.

“नाही धरलं मूळ,” ते म्हणाले.

बायकोची मान खाली गेली.

“आता धरेपर्यंत थांबावं लागणार,” अप्पा म्हणाले. “पाणी सुरू झाल्याशिवाय मी साइट सोडलेली नाही कधी. बॅग कुठं सुकत घालू?”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तो माणूस काय लपवतोय हे आयुष्यात पहिल्यांदा मला घरात कळलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

याला आता बरेच दिवस झाले. गॅस बंद, सोडा बंद, फुंकणं बंद. आणि झाडांना फूट आली. एका सकाळी बघतो तर खुंटाशेजारी दोन कोवळी पानं. मला धसका बसला. मूळ अटीप्रमाणे झाडं रुजली की अप्पा राहणार होते, हे खरं. पण नव्या अटीप्रमाणे रुजली की थांबायचं कारण संपत होतं. दोन्हींतली कुठली लागू, हे विचारायला गेलो तर विषय निघणार. एवढा धोका कोण पत्करणार? ते फिरायला गेलेले, ती आंघोळीला. मी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि पानं मुळापाशी कापली. दोन दिवसांनी परत फुटली, परत कापली.

आज सकाळी कात्री काढली तर ती आधीच ओली होती.

टाकीत पाहिलं. सगळे खुंट नीट, एका उंचीवर छाटलेले. माझं काम कुणीतरी करून गेलं होतं.

चहाला तिघं बसलो तेव्हा बायको टाकीकडे बघून म्हणाली, “या पाण्याला फारच वेळ लागतोय नाही, अप्पा?”

“फार,” अप्पा म्हणाले. “वर्ष-दोन वर्षंसुद्धा लागतील.” त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत भिजलेली होती. बायकोनं तिच्या दोन्ही बाह्या दुमडून घेतल्या होत्या.

मी कपाला हातही लावला नाही. माझा डावा हात टेबलाखाली रुमालात गुंडाळून वाळत होता. दगडामागे एक फुटवा त्यांच्या नजरेतून सुटला होता.